विमान वर असताना

त्या तळावर सगळं होतं, फक्त विमानं नव्हती. लढाऊ विमानांची तुकडी बारा वर्षांपूर्वी दुसरीकडे गेली आणि तळाच्या नावामागे 'राखीव' हा शब्द लागला. राखीव म्हणजे असं, की दुसरीकडे कुठे धुकं पडलं, कुणाच्या विमानाला हवेत काही झालं, किंवा कधीकाळी खरोखरच लढाई जुंपली, तर उतरायला जागा असावी. पाहुण्यांसाठी घेतलेल्या कपबश्या काचेच्या कपाटात असतात, रोज पुसल्या जातात आणि त्यांतून कुणी चहा पीत नाही, तसा हा तळ होता. आठवड्यातून दोनदा टपालाचं छोटं विमान यायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि चुकून आल्यासारखं परत जायचं.

पण काम म्हणाल तर तसूभरही कमी नाही. रोज सकाळी सातला साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे धावपट्टीवर एका रांगेत उभे राहत आणि माना खाली घालून अडीच किलोमीटर चालत खडे, खिळे, तारांचे तुकडे वेचत. इंजिनाने एवढासा खडा ओढून घेतला तरी विमानाचं वाटोळं होतं, असं कारण होतं. इंजिन नसलं म्हणून काय झालं, खडे तर होते. हवामानाचा माणूस दर तासाला वारा मोजून टॉवरला कळवी, टॉवर तो वहीत उतरवून घेई, आणि वारा आपला वाहत राही. हँगरमधली फरशी इतकी घासलेली होती की तिच्यावर पाय ठेवायला माणसं बिचकत. पाखरं हाकलायला फटाके वाजवणारा एक माणूस होता. पाखरांना त्याची इतकी सवय झाली होती की तो रजेवर गेला की तीच कावरीबावरी होत.

या सगळ्यांत डोळ्यांत तेल घालून जागा कोण, तर फायर स्टेशनचे फोरमन. त्यांना सगळे तीनमिनिटे म्हणत. नवीन बदलून आलेल्यांना ते आडनावच वाटे. धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला काही झालं तर आगीचा बंब तीन मिनिटांत तिथे पोचलाच पाहिजे, असा नियम होता, आणि तीनमिनिट्यांचा बंब दोन मिनिटं चाळीस सेकंदांत पोचे. अठ्ठावीस वर्षं तो रोज पोचत होता. अठ्ठावीस वर्षांत तिथे काहीही झालेलं नव्हतं.

दुसरा नियम त्याहून कडक. विमान वर असताना बंबाने जागा सोडायची नाही. वर म्हणजे आपल्या टॉवरच्या ताब्यात आलेलं आणि अजून जमिनीला न टेकलेलं. तेवढ्या वेळात आभाळ कोसळलं तरी बंबाने धावपट्टीच्या कडेलाच उभं राहायचं. तिसरा नियम असा, की मोठं विमान उतरायचं असेल तर बंब दोन हवेत. दोनातला एक बिघडला की तळाची श्रेणी घसरते आणि मोठ्या विमानाला तिथे उतरता येत नाही. तीनमिनिटे हे नियम नव्या अधिकाऱ्यांना स्वतः शिकवत, आणि शिकवताना त्यांचा आवाज असा लागे की त्यांनीच ते केले असावेत.

बाकी मंगळवार-शुक्रवार सराव. हद्दीच्या कोपऱ्यात एक मोडीत निघालेलं लढाऊ विमान होतं. त्याला आग लावायची आणि विझवायची. वाऱ्याला पाठ द्यायची, डाव्या पंखाकडून जायचं, आधी फेस मारायचा, मग वरची काच फोडायची, आणि आतल्या वैमानिकाला हात लावण्याआधी त्याच्या खुर्चीत पिन घालायची. लढाऊ विमानातली खुर्ची वैमानिकाला घेऊन उडणारी असते. पिन न घालता ओढाओढ केली तर वैमानिक, खुर्ची आणि वाचवणारा, तिघंही एकदमच वर जायची. म्हणून पिन बसली की ओरडून सांगायचं, 'खुर्ची सुरक्षित!', आणि मगच माणूस वरच्या वर उचलून काढायचा. वैमानिक पोत्याचा होता. तीनमिनिट्यांनी त्याला आजवर दोन-अडीच हजार वेळा तरी वाचवलं असेल, आणि त्याने कधी आभार मानले नाहीत.

आभार घरीही नव्हते. घर म्हणजे तळाच्या कुंपणाला लागून असलेल्या वसाहतीत तिसऱ्या ओळीतलं चौथं क्वार्टर. तिथे तीनमिनिटे, त्यांची बायको आणि बायकोची आई. सासूबाईंचा खुबा सहा वर्षांपूर्वी मोडला तेव्हापासून त्या लेकीकडे होत्या. दिवसभर खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसायच्या. उठवून बसवायला माणूस लागे, जिभेला मात्र कुणाचा आधार लागत नसे. जावई कुठल्या खात्यात, असं कुणी विचारलं तर त्या सांगत, "पाणी मारायच्या." संध्याकाळी तीनमिनिटे बूट काढायला बसले की ठरलेला प्रश्न यायचा, आज काय विझवलंत. आज लागली नाही, असं ते सांगत. लागेल हो, धीर धरा, असं त्या म्हणत आणि खिडकीबाहेर बघत.

जेवताना तीनमिनिटे बोलत ते आगीबद्दलच. ज्वाळा कशी फसवते, धूर कुठून आधी निघतो, पाणी कुठे मारावं, कुठे मारू नये. बायको हं हं करत वाढत राही, आणि सासूबाई घास चावत असत. भिंतीशी बोलल्यासारखं वाटे, पण सवय झाली होती.

एक गोष्ट मात्र ते कुणाशीच बोलले नव्हते. निवृत्तीला तीन महिने उरले होते, आणि एक खरी आग आपल्या हातून विझावी, एवढी एकच त्यांची इच्छा होती. फक्त एक, कुणाला इजा न होता, पण खरी. आग विझवणाऱ्याने आग लागण्याची वाट बघणं बरं नव्हे, हे त्यांना कळत होतं. त्यांना त्या इच्छेची लाज वाटायची आणि ती काही जात नव्हती. आपलं सगळं आयुष्य एका पोत्याला वाचवण्यात गेलं, असं मनात आलं की त्यांना खरोखर वाईट वाटे.

तर अशात तपासणी आली. राजधानीतून कुणी फार वरचे साहेब तळाची सज्जता पाहायला येणार होते. बरोबर त्यांच्या पत्नी, चौदा अधिकारी आणि त्या चौदांच्या फायली, त्यामुळे विमानही मोठं. तळावर आठ दिवस एकच धांदल उडाली. झाडांच्या बुंध्यांना चुना लागला. ज्या दगडांना मागच्या वर्षी रंग दिला होता ते खरवडून पुन्हा रंगवले गेले. वसाहतीसाठी एक तिसरा, लहान बंब होता. तो चकचकीत करून, चाकं काळीभोर करून हँगरमध्ये प्रदर्शनाला मांडला, आणि घासलेल्या फरशीवर थेंब पडू नयेत म्हणून त्याची टाकी रिकामी केली. तीनमिनिट्यांनी त्यावर लेखी हरकत घेतली. प्रशासनाचे साहेब, ज्यांना सगळे कलमसाहेब म्हणत, त्यांनी तीनमिनिट्यांना समजावलं की एका दिवसाने काय होतंय.

शेवटी हुकूम आला तो पडद्यांचा. रस्त्याच्या बाजूच्या सगळ्या क्वार्टरांच्या खिडक्यांना एकसारखे आकाशी पडदे दिसले पाहिजेत. कापड तळाने दिलं, शिवणं आणि इस्त्री ज्याची त्याने. आणि त्याच दिवशी दहाला वसाहतीतल्या झाडून सगळ्या बायकांनी पाहुण्याबाईंच्या स्वागताच्या तयारीला सभागृहात हजर राहायचं.

त्या सकाळी तीनमिनिट्यांची बायको टेबलावर पडद्यांची चळत घेऊन इस्त्री करत होती, तेवढ्यात वीज गेली. इस्त्री झालेले दोन पडदे तिने लावले, उरलेल्यांच्या ढिगावर इस्त्री तशीच ठेवली, आईला पाणी दिलं, दार उघडं टाकलं म्हणजे वारा लागेल, आणि ती सभागृहात गेली. इस्त्रीचं बटण चालूच आहे हे तिच्या डोक्यात आलं नाही. दहा वाजून दहा मिनिटांनी वीज आली.

त्या वेळी तीनमिनिटे दोन्ही बंब घेऊन धावपट्टीच्या कडेला उभे होते. अंगात पूर्ण पोशाख, वर ऊन, आतून घाम. टॉवरने थेट फोनवर कळवलं होतं की विमान ताब्यात आलं, वीस मिनिटांत उतरेल, जागेवर राहा. टॉवरमध्ये होता तो कंट्रोलर चोवीस-पंचवीस वर्षांचा होता. आठ महिन्यांपूर्वी रुजू झाला तेव्हा बंबाचे नियम त्याला तीनमिनिट्यांनीच पाठ करून घेतले होते.

बंबाच्या टपावर उभ्या असलेल्या माणसाला उंचीमुळे शिडी म्हणत. तो म्हणाला, "साहेब, वसाहतीतून धूर येतोय."

तीनमिनिट्यांनी दुर्बीण लावली. तिसरी ओळ. चौथं क्वार्टर. आकाशी पडदे लावलेल्या खिडकीच्या शेजारच्या खिडकीतून करडा धूर निघत होता, आणि त्या खिडकीच्या आत कोण बसलेलं असतं हे त्यांना दुर्बिणीशिवायही दिसलं.

आग एका मिनिटात काय करते, दोन मिनिटांत काय करते, हे त्यांनी अठ्ठावीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. पहिल्यात पडदा. दुसऱ्यात छत. तिसऱ्यात धूर माणसाच्या छातीपर्यंत उतरतो, आणि बसलेल्या माणसाची छाती खालीच असते. त्यांनी फोन उचलला. शहराचा बंब बोलावलाय, कंट्रोलर म्हणाला, पण तो चाळीस मिनिटं घेईल. हँगरमधल्या बंबात पाणी नाही. विमानाला अजून सोळा मिनिटं आहेत.

"साहेब, आत माझ्या सासूबाई आहेत. त्यांना उठता येत नाही."

"मला कळतंय हो." पोराचा आवाज कापत होता. "पण विमान वर आहे. मी तुम्हाला कसं सोडू? तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

शिकवलं होतं खरं. आपण कसं घोकून घेतलं हे आठवून तीनमिनिट्यांना स्वतःचाच राग आला. एक बंब सोडा म्हणावं तर तो अधिकार त्या पोराला नव्हता, आणि ज्यांना होता ते मोठे साहेब बँडच्या पुढे, पुष्पगुच्छ हातात धरून, फोनपासून लांब उभे होते. चारशे मीटरवर घर जळत होतं आणि पंचक्रोशीतले सगळ्यांत चांगले दोन बंब, भरलेले, इंजिन चालू असलेले, त्याच्याकडे बघत उभे होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तीनमिनिट्यांनी आयुष्यात खोटी नोंद केली नव्हती. पाइपातून एक थेंब गळला तरी ते एक थेंब गळला असं लिहीत. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला.

"नोंदवून घ्या. दोन नंबरच्या बंबाचा पंप बंद पडला. तळाची श्रेणी खाली आली. मोठं विमान उतरवू नका."

 मग पोरगा सावकाश म्हणाला, "नोंदवलं. विमानाला वरच घिरट्या घालायला सांगतो." आणि थोडं थांबून, "नादुरुस्त बंब धावपट्टीजवळ ठेवायचा नसतो, बरोबर ना? हलवा मग तो. लवकर हलवा."

नादुरुस्त बंब कुंपणाच्या फाटकातून वळसा घेऊन एक मिनिट पन्नास सेकंदांत तिसऱ्या ओळीत पोचला. आणि मग त्या सहा माणसांनी जे केलं ते फक्त तीच माणसं करू शकली असती. घराचं दार सताड उघडं होतं. पण दारातून जायचं तर वारा तोंडावर येत होता, आणि सरावात दार नव्हतंच. त्यांनी वाऱ्याला पाठ दिली, घराला वळसा घातला, जिथे विमानाचा डावा पंख असता तिथून आले आणि खिडकीची काच फोडली. आधी फेस मारला. टेबल, इस्त्री, पडदे, कपाट, भिंतीवरचं घड्याळ, सगळं पांढऱ्या फेसाखाली गेलं. शिडी खिडकीतून आत उतरला, खोकणाऱ्या सासूबाईंपर्यंत पोचला, आणि त्यांना हात लावायच्या आधी गुडघ्यांवर बसून लाकडी खुर्चीखाली पिनेचं भोक शोधू लागला. ते सापडेना. शेवटी त्याने खिशातली पिन खुर्चीच्या वेताच्या विणीत खुपसली आणि सवयीने ओरडला, "खुर्ची सुरक्षित!"

"सुरक्षितच होती," सासूबाई धुरातून म्हणाल्या. "दार उघडं आहे, मेल्यांनो."

पण उचललं ते वरच्या वरच. खुर्चीसकट, खिडकीतून, चौघांनी डोक्यावर धरून सासूबाईंना बाहेर काढलं आणि रस्त्याच्या मधोमध ठेवलं. पुढच्या चार मिनिटांत आग विझली. छत काळं झालं, टेबल गेलं, पडद्यांची राख झाली, आणि घरात गुडघाभर फेस राहिला.

तीनमिनिटे खुर्चीपुढे उकिडवे बसले. त्यांना रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही आवरायला वेळ नव्हता. सासूबाईंच्या केसांत फेस होता, चेहरा काजळला होता. 

"आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असंच आजवर ऐकत आले," त्या म्हणाल्या. "माझा चष्मा आत राहिलाय."

चष्मा शोधायला एका माणसाला ठेवून बंब परत धावपट्टीवर गेला. तीनमिनिट्यांनी टॉवरला कळवलं की पंप दुरुस्त झाला, शहराच्या बंबाला वाटेतूनच परत फिरवा. विमानाने अकरा मिनिटं आकाशात चकरा मारल्या आणि ते उतरलं. तपासणी उत्तम झाली. रिकाम्या टाकीचा बंब पाहुणेसाहेबांना फार आवडला. अहवालात एकच शेरा आला, की तिसऱ्या ओळीतल्या एका घराला पडदे नाहीत.

पण अकरा मिनिटं ही अकरा मिनिटं असतात, आणि पाहुणेसाहेबांच्या कार्यालयाने त्यांचा हिशेब मागितला. चौकशी कलमसाहेबांकडे आली. आगीतून निघून फुफाट्यात पडलो हे तीनमिनिट्यांना कळलं होतं, तरी त्यांनी लपवाछपवी केली नाही. पंप ठणठणीत होता, मी खोटं बोललो, दोष माझा एकट्याचा, असा जबाब स्वतःच्या हाताने लिहून ते कलमसाहेबांच्या खोलीत गेले. कलमसाहेबांनी तो वाचला, घडी घातली आणि पाण्याच्या पेल्याखाली ठेवला.

मग त्यांनी एकेक गोष्ट समजावून दिली. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला जगातलं सगळं कलमांतून दिसायचं. पंप चांगला होता असं धरलं तर लष्करी विमान खोट्या माहितीवर हवेत अडकवलं गेलं. म्हणजे तीनमिनिट्यांची नोकरी गेली, निवृत्तीवेतन गेलं. ती माहिती खोटी आहे हे ओळखून ज्याने नोंदवली तो कंट्रोलर गेला. टाकी रिकामी करायचा हुकूम ज्याचा होता, तोही गेला. हे सांगताना त्यांनी स्वतःचं नाव घेतलं नाही. पण पंप बिघडला होता असं धरलं, तर सगळ्यांनी सगळं नियमाने केलं. श्रेणी घसरली, विमान थांबवलं, पंप दुरुस्त झाला, विमान उतरवलं. सापही मेला आणि काठीही मोडली नाही.

"पण साहेब, मग आग कुणी विझवली?" तीनमिनिट्यांनी विचारलं.

"बिघडलेल्या पंपाने आग विझते का?"

"नाही."

"मग तुम्ही नाही विझवली. घरात कोण होतं?"

"सासूबाई. पण त्यांना उठता येत नाही."

"तसं अहवालात कुठे लिहिलंय?" कलमसाहेब म्हणाले आणि त्यांनी टोपण काढून पेन पुढे केलं.

तीनमिनिट्यांच्या डोळ्यांपुढे तो कापऱ्या आवाजाचा पोरगा आला. स्वतःसाठी त्यांनी सही केली नसती, असं ते पुढे मनाशी पुष्कळदा म्हणाले, आणि ते बहुधा खरंच असावं. त्यांनी सही केली. किरकोळ आग लागली असता घरातील वृद्ध महिलेने प्रसंगावधान राखून ओल्या कापडाने व साबणाच्या पाण्याने ती आटोक्यात आणली, असं कायमचं लिहिलं गेलं. साबणाचं पाणी फेसासाठी होतं. चांगला पंप दुरुस्तीला वर्कशॉपमध्ये गेला, तिथे तीन आठवडे उघडून ठेवला गेला, आणि परत आला तो मात्र खरोखर अडखळायला लागला.

घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, पेन्शन वाचली ना, मग गप्प बसा. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तीनमिनिट्यांना हसू आलं नाही. सबंध आयुष्यात एक आग मिळाली आणि तीही सासूच्या नावावर चढली, ही गोष्ट त्यांना रात्रंदिवस डाचत राहिली. त्याहून मोठी धास्ती दुसरीच होती. सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. कामवालीजवळ, शेजारणीजवळ, खिडकीखालून जाणाऱ्या कुणाजवळही त्या खरं बोलून गेल्या असत्या तर दोन घरं उठली असती. त्यांनी एकदा हात जोडून सासूबाईंना सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "मला काय शिकवता? मी चष्मा शोधतेय."

झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. पण पाहुणेसाहेबांनी अहवाल वाचला. एवढ्या मोठ्या माणसाने अहवाल खरोखर वाचावा, अशी अपेक्षा कलमसाहेबांनी केलेली नव्हती. दोन महिन्यांनी तळाचा वर्धापनदिन होता, तीनमिनिट्यांच्या निवृत्तीच्या आधीचा आठवडा. पत्र आलं की पाहुणेसाहेब स्वतः येत आहेत, आणि त्या शूर आजींचा सत्कार त्यांच्या हस्ते होईल.

सभागृह भरून गेलं होतं. सासूबाईंना चाकांच्या खुर्चीतून मंचावर चढवलं, खांद्यावर शाल घातली, हातात चौकटीतलं प्रशस्तिपत्र दिलं. तीनमिनिटे तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांच्या शेजारी कंट्रोलर, पुढे कलमसाहेब. पाहुणेसाहेब हौशी होते. त्यांनी ध्वनिक्षेपक सासूबाईंच्या तोंडापुढे धरला आणि म्हणाले, आजी, तुम्ही ती आग कशी विझवलीत ते आमच्या जवानांना सांगा.

तीनमिनिटे खुर्चीत पुढे सरकले. आता ही बाई म्हणणार, मी कुठची विझवते, मला काय उभं राहता येतंय. कलमसाहेब छताकडे बघू लागले.

सासूबाईंनी घसा साफ केला. आधी वाऱ्याला पाठ दिली, त्या म्हणाल्या. ज्वाळेला मारून उपयोग नसतो, ज्वाळा फसवते. मारायचं ते बुडाशी. विजेची वस्तू असेल तर आधी बटण बंद, मग ओलं कापड. धूर वर असतो म्हणून खाली वाकायचं. छताकडे लक्ष ठेवायचं, कारण विझली असं वाटतं तेव्हा ती वर गेलेली असते. त्या थांबल्या नाहीत, अडखळल्या नाहीत. सहा वर्षं जेवताना तीनमिनिटे जे जे भिंतीशी बोलल्यासारखं बोलले होते, ते शब्दन् शब्द त्यांनी सभेला सांगितलं. तीनमिनिटे तोंडाचा आ करून ऐकत राहिले. घास चावता चावता त्या ऐकत होत्या तर.

पाहुणेसाहेब खूश झाले. ते हसत म्हणाले, "आणि आजी, तुमचे जावई तर इथल्या फायर स्टेशनचे प्रमुख आहेत. त्या वेळी ते कुठे होते?"

 कंट्रोलरने डोळे मिटले. सासूबाईंनी चष्मा सारखा केला, रांगांवरून नजर फिरवली आणि जावयाला शोधून काढलं.

"ते धावपट्टीवर होते," त्या म्हणाल्या. "तुमचं विमान वर होतं ना. विमान वर असताना जागा सोडणारा माणूस नाही तो. घर जळालं तरी, सासू जळाली तरी."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पाहुणेसाहेबांनी तीनमिनिट्यांना उभं राहायला सांगितलं आणि कर्तव्य म्हणजे काय याचा हा आदर्श आहे, असं जाहीर केलं. अठ्ठावीस वर्षांत एकदाच, या बाईसाठी, त्यांनी जागा सोडली होती, आणि ती सोडली नाही म्हणून सगळा तळ उभा राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होता. त्यांना लाज वाटली. मग त्यांना फोटोसाठी मंचावर बोलावलं.

तो फोटो तळाच्या कार्यालयात लावलेला आहे. मध्ये सासूबाई, बाजूला पाहुणेसाहेब, मागून वाकलेले तीनमिनिटे, आणि पुढे ते मोठं प्रशस्तिपत्र. त्या पत्रामागे सासूबाईंनी जावयाचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता. फोटोत तो दिसत नाही.